विरळ हवेतलं विमान

पाचगणीच्या पठारावर ह्यांनी आपलं रिमोटवरचं छोटं विमान उडवलं. सांगलीच्या मैदानात पटकन उठणारं ते विमान इथे धूर ओकत लांबवर धावलं आणि कसंबसं वर गेलं. "हवा विरळ आहे, इंजिनाला दम लागतोय," हे म्हणाले.

उतरताना ते भलतंच जोरात येतंय असं ह्यांना वाटलं. घरच्या सवयीने ह्यांनी वेग कमी केला आणि विमान धपकन आदळलं. एक पंख मोडला.

"चुकलंच माझं. इथे नुसतं तरंगत राहायलाही जास्त वेग लागतो."

मी मोडका पंख उचलला, पण नजर मीराकडेच जात होती. आमची लेक, नुकतीच मोठ्या हुद्द्यावर गेलेली, फोन कानाला लावून पठारभर येरझारा घालत होती. सुट्टीला आली होती म्हणे! खालून बघणाऱ्याला वाटतं, उंचावर सगळं निवांत असेल. तिच्याकडे बघून मलाच धाप लागत होती. "अगं, जरा सावकाश घे," असं तिला सांगणं सकाळपासून माझ्या ओठांवर होतं.

आता ते बोलवेना. पंख हातात घेऊन मी तशीच निघाले आणि तिच्या चालीने तिच्या शेजारून चालू लागले.