बिनसेलचा माइक आणि अक्कांची हाळी

मुलांनो, तुमची आजी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. साताऱ्याच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. वर्गात कुणी "बाई, त्या झाडावर हडळ आहे" म्हणालं, की त्याला ‘एव्हिडन्स’चं स्पेलिंग दहा वेळा लिहायला लावत असे. आजही असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण हे माझ्या हातून घडलं, आणि लिहिताना आत्तासुद्धा अंगावर काटा आलाय... भीतीचा नाही, आनंदाचा!

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे अक्का, तासगावजवळ आपल्या द्राक्षबागेत राहायच्या. त्यांच्या घशात गाठ निघाली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. अक्कांचा मुलगा दिलीप सैन्यात, दूर सरहद्दीवर. ऑपरेशनच्या आधी त्याला रजा मिळेना. त्याचं मला पत्र आलं – "काकू, आईची हाळी टेप करून पाठवा. घरातलं बोलणं नको. बागेत पाखरं हाकलते ती, आणि मला जेवायला बोलवायची ती. एवढं कराच."

ऑपरेशनला दहा दिवस होते. मी लगेच कामाला लागले.

आमच्या टेपरेकॉर्डरमध्ये माइक होताच. साताऱ्यात गच्चीवर तुमच्या आजोबांना उभं करून मी पहिली चाचणी घेतली. ऐकलं तर नुसता वारा – फडफड, घूंऽऽ, आणि मधूनच आजोबांचं "आता पुरे का?" हा माइक बाद!

म्हणून सांगलीला गेले. तिथे एका गल्लीत बापूंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. चिंचोळं, टेबलावर पोट उघडलेले ट्रान्झिस्टर. मी वही काढून विचारलं, "मोकळ्यावर, वाऱ्यात, माणसाचा आवाज स्वच्छ यायला हवा. आणि परवडणारा हवा."

बापू हसले. "बाई, लगीन जुळवायला आल्यागत बोलताय की! सगळंच पायजे व्हय?"

त्यांनी तीन माइक मांडले. एक हातभर लांबीचा, लांबूनही आवाज धरणारा – पण त्याची किंमत ऐकून मी तो हळूच परत ठेवला. दुसरा जड, भाषणाचा. तो तोंडाशी धरून ठेवावा लागणार, आणि अक्कांचे हात काही रिकामे राहत नाहीत. तिसरा कॉलरला लावायचा, शेंगदाण्याएवढा, आत बटणासारखा छोटा सेल.

"हा घ्या," बापू म्हणाले. "भारी माइक लांब ठिवण्यापरीस सादा माइक जवळ बरा. हनवटीखाली वीतभर लावा. वाऱ्याकडं पाठ. वर ह्यो स्पंज. आणि येक – हाळी द्यायच्या येळंला रेकॉर्डिंगचं बटण बारीक करा, न्हाईतर आवाज फाटंल."

मिरजेला निघायच्या आदल्या संध्याकाळी तासगावला मी अंगणात चाचणी घेतली. उत्तम! इतका आनंद झाला की मला झोपच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही बागेत गेलो. नऊला जीपनं मिरजेला निघायचं होतं. घड उतरायला आले होते, साळुंक्यांचे थवे घिरट्या घालत होते, आणि वारा असा की माझा पदर डोक्यावर टिकेना. मी माइक अक्कांच्या पदराला लावला.

"मास्तरीणबाई, ह्ये काय डकवलंस? गोमाशी हाय का काय?"

"अक्का, दिलीपशी बोला."

"त्यो कुटं हाय हितं? येड लागल्यागत येकटीच बोलू व्हय?"

पण बोलल्या. अर्धा तास! मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. दिलीप लहानपणी मांडवावर चढून पडला ते, गाय व्याली ते. शेजारून एक ट्रॅक्टर धडधडत गेला तेव्हा मी कपाळावर हात मारला. मग अक्कांनी डबा बडवत पाखरांना हाळी दिली – "हाऽऽ हुर्रर्रऽऽ!" आणि शेवटी पार बांधापलीकडे पोचेल अशी, "दिलीऽऽप! भाकरी झाली रंऽऽ!"

आवाज आधीच चिरकत होता. दुसऱ्यांदा ती हाळी त्यांना जमली नाही. त्या खाली बसल्या, पाणी मागितलं. मी टेप बंद केला. पुन्हा लावून ऐकायला वेळच नव्हता, जीप दारात आली होती.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. अक्कांना आत नेलं, दार लागलं. मी माझी गोळी घ्यायला पर्स उघडली तर होमिओपॅथीची एक छोटी बाटली हाताला लागली. वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी – ‘माइकचा सेल’.

मुलांनो, माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. वापर झाला की प्रत्येक वस्तूतले सेल काढून ठेवायचे, म्हणजे ते गळत नाहीत. तुमच्या खेळण्यांतलेही मी काढून ठेवायचे आणि तुम्ही रडायचात! अंगणातल्या चाचणीनंतर त्या रात्रीही काढले होते. सकाळी टेपरेकॉर्डरचे मोठे सेल आठवणीनं घातले. माइकचा मात्र राहिला.

धावत जाऊन पिशवीतला माइक उघडला. सेलची जागा रिकामी; आणि बागेतून निघताना तर घाईत मी काहीच काढलं नव्हतं. माझ्या शिस्तीनं त्या माउलीचा आवाज घालवला होता, आणि दाराआड तो कायमचा जात होता. सोबत आलेल्या आजोबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लावून तरी बघ."

दवाखान्याच्या आवारात पायरीवर बसून मी बटण दाबलं.

"मास्तरीणबाई, ह्ये काय डकवलंस?"

मी किंचाळलेच! दोन नर्स वळून बघायला लागल्या. अक्का! अगदी कानाशी बसून बोलत असल्यासारख्या! वाऱ्याची एक फडफड नाही. ट्रॅक्टर नाही. डबा नाही. आणि माझा एकही प्रश्न नाही – तिथे फक्त शांतता, प्रश्नाच्या लांबीएवढी, मग पुन्हा अक्का. हाळीसुद्धा आली, कुठेही न फाटता. बटण बारीक करायला मी विसरले होते, तरी.

आठवड्यानं सगळं सामान घेऊन मी बापूंकडे गेले. तोच टेप, तोच माइक, बिनसेलचा. सात वेळा रेकॉर्ड केलं. सातही वेळा नुसतं सूंऽऽ.

"पिन जोडली की टेपातला माइक बंद पडतो," बापू म्हणाले. "आणि ह्यो सेलाबिगर मुका. आवं, शक्यच न्हाई!" मग अक्कांची कॅसेट ऐकली आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून घेऊन तीच पुन्हा ऐकली. "पिन ढिली असंल म्हनावं," ते पुटपुटले, "तर मग टेपातला माइक चालला असंल; पन टेप तुमच्या पिशवीत हुता. तुमचा आवाज आन् वारा तर यायला पायजे हुता." मीही तोच विचार करून थकले होते.

एक प्रत दिलीपला रवाना केली. त्यानं उत्तरात एवढंच लिहिलं, की ती ऐकून तो जेवायला उठला.

अक्का महिन्यानं घरी आल्या. बोलणं आता पाटीवर. मी त्यांना कॅसेट ऐकवली. डोळे मिटून सगळी ऐकली, हाळीला खांदे हलवत निःशब्द हसल्या, आणि पाटीवर लिहिलं, ‘लय वरडत हुते की. बिचारी पाखरं.’

मी त्यांना सेलचं सगळं सांगितलं. बापूंच्या सात चाचण्याही सांगितल्या. "अक्का, मग हा आवाज आला कसा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वर्गात ढ ठरले होते. पाटी पुसली आणि लिहिलं – ‘पोरानं मागितला हुता.’

याला एव्हिडन्स म्हणत नाहीत, मला कळतं. पण इतक्या वर्षांत याहून बरं उत्तर मला कुणी दिलेलं नाही... आणि मलाही सापडलेलं नाही.