यसूमायचं औषध

यसूमाय कुणालाच नावानं हाक मारत नसे. आमच्या पंचक्रोशीतली निम्मीअधिक माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि कोण कुठल्या दिवसांत जन्मलं एवढंच ती लक्षात ठेवी. माझा धाकटा भाऊ 'लावणीचा', शेजारचा गणपा 'झोडणीचा' आणि मी 'राबाची', कारण पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजायचे दिवस होते तेव्हा मी झाले. मोठ्या मिशांच्या पोलीस पाटलालाही ती कर्जतच्या भर बाजारात "काय रं शिमग्याच्या, बरा हायस न?" असं विचारी, आणि तोही निमूट "हाय माय" म्हणे.

ती सुईण होती. कोंडाण्याला, लेण्यांची वाट सुरू होते तिथं तिचं एकटीचं झोपडं होतं. बुटकी, काळी, गालात कायम तंबाखू. बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघावं. सुकटीची चटणी दिसली की तिला धीर निघत नसे. पण कोण कधी जन्मलं ही तिची आठवण लोकांना अडचणीची होई. आमच्याकडं मुलगी पोटुशी राहिली की घरातली माणसं तिच्या वयात वर्ष-दोन वर्षं घालून सांगत. एका सासूनं "सुनेला सोळावं लागलंय" म्हटलं तेव्हा यसूमाय तिथंच उकिडवी बसली. "सोळावं? नाळ मी कापली का तू? चवदावं हाय. मधली दोन पावसं कुटं गिळलीस?"

अशा कोवळ्या पोरींच्या डोहाळजेवणाला ती जात नसे. बाळंतपणाला मात्र न बोलावताही हजर. आग्रह झाला की म्हणे, "पोर हातात येऊ दे, पोरीचं डोळं उघडं ऱ्हाऊ दे. मग जेवते." भरल्या घरात असं अभद्र बोलते म्हणून बायका तिच्यावर चिडत.

सगळ्यांत जास्त चिडे आमची आत्या. आत्या तेराव्या वर्षी आई झाली. ते मूल नऊ दिवस जगलं. पुढं नवराही गेला, तेव्हापासून ती माहेरी आमच्याकडंच होती आणि घर तिच्या शब्दावर चाले. "आमी नाय झालो का आया?" हे तिचं ठरलेलं वाक्य. "पोर लवकर झालं की आईबरोबर वाढतंय. थोरल्या घोडीला पोर वाढवाया जमतंय व्हय?" माझी आई यावर आत निघून जाई. मी झाले तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि तीन दिवस अडली होती. त्यानंतर तिला खांबाला धरल्याशिवाय जमिनीवरून उठता आलं नाही. मला वाटे, सगळ्यांच्याच आया अशा उठतात.

माझं लग्न नवव्या वर्षी झालं. सासर खालापूरचं, भातशेतीवालं, खाऊनपिऊन सुखी. लग्नाच्या वयाचा कायदा तेव्हा व्हायचा होता. रिवाज असा, की मुलीला न्हाण आलं, म्हणजे ती पहिल्यांदा बाजूला बसली, की तिला मखरात बसवायचं, ओटी भरायची आणि सासरी धाडायचं. मग वर्षभरात पाळणा हलला नाही तर माणसं विचारू लागत. मला तेरावं लागल्यापासून खालापूरहून महिन्या-दोन महिन्यांनी निरोप येई, "काय, झाली का मोठी?"

झाले. भाताच्या खळ्यावर होते, धावत येऊन आईला सांगितलं. आनंदाची बातमी असते एवढंच मला माहीत होतं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला, कंबर दुखते म्हणून यसूमायला बोलावणं धाडलं, आणि दोघी गोठ्यात बराच वेळ कुजबुजल्या. मग यसूमाय ओटीवर येऊन आत्याला म्हणाली, "राबाचीचं पोट थंड पडलंय. न्हाण अडकलंय आत. म्हयन्याचं चार दिस माज्याकडं धाड, काढा देते."

अशी मी महिन्यातले चार दिवस कोंडाण्याला जाऊ लागले. जे येऊन चुकलं होतं ते आणायचं औषध घ्यायला. औषध म्हणजे सुंठ आणि गूळ घातलेलं गरम पाणी. ते प्यायचं, नाचणीची भाकरी खायची, आणि दरीपलीकडं ठाकुरवाडी स्टेशनाच्या बाजूनं घाट चढणाऱ्या आगगाडीची धाप ऐकत पडून राहायचं. एकदा घरी असतानाच, नेहमीच्या आधी कपड्याला डाग लागला. आईनं अंगणात माझ्या अंगावर घागर सांडली, "ओल्या अंगानं घरात नको" म्हणून गोठ्यात बसवलं आणि कोंडाण्याला माणूस पळवला. आत्या ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि खडे वेचू लागली.

मला यसूमायचा राग येई, हे कबूल केलं पाहिजे. माझ्या बरोबरीच्या मुली मखरात बसून, हिरव्या बांगड्या भरून सासरी गेल्या. पाणवठ्यावर बायका मला बघून आवाज खाली करत. 'वांझोटी' हा शब्द मी चौदाव्या वर्षी स्वतःबद्दल ऐकला. मी यसूमायपुढं रडले तेव्हा तिनं तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "कवळं भात कांडलं की कणी व्हते गं. लोकांला काय, कणीची पेज बी चालते."

तिच्या झोपड्याच्या वरच्या अंगाला ठाकरांची वाडी होती. तिथली सतरा-अठरा वर्षांची काळी नावाची एक मुलगी लाकडाचा भारा घेऊन उतरे. लग्न झालेलं नव्हतं आणि पोट चांगलं पुढं आलं होतं. आमच्या गावात असं झालं असतं तर विहिरीत गळ टाकायची वेळ आली असती. मी भीत भीत विचारलं, हिचं आता काय करणार? यसूमायला प्रश्नच कळेना. चार दिवसांनी पोटातल्या मुलाचा बाप लुगडं आणि दारू घेऊन वाडीवर आला, पंच बसले, आणि काळी त्या घरी गेली. लग्न पुढं भात निघाल्यावर, मूल रांगायला लागल्यावर झालं. त्यांच्यातही सगळं गोडच होतं असं नाही, काळीच्या पाठीवर नवऱ्याच्या काठीचा वळ मी पुढं पाहिला. पण तिच्या वयात कुणी वर्षं घातली नव्हती. यसूमाय म्हणाली, "पोर येतंय त्याला लगीन दिसत नाय गं. त्याला हाड दिसतं. वाट हाय का नाय, येवडंच बगतं ते."

तीन वर्षं अशी गेली. मग खालापूरहून मध्यस्थ आला आणि ओटीवर पाणी न पिता सांगून गेला, की दिवाळीपर्यंत न्हाण आलं नाही तर मुलाला दुसरी बघू. आई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. सवत आली असती तर माझा जन्म माहेरी खांब धरून गेला असता. यसूमाय दुसऱ्या दिवशी आली. तिनं मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, दोन्ही हातांनी कमरेची हाडं दाबून पाहिली, आणि आईला एवढंच म्हणाली, "भात पिवळं पडलंय. आता इळा लाव."

पुढच्या खेपेला मी घरीच बाजूला बसले. केळीचे खांब लावून मखर झालं, बायकांनी गाणी म्हटली, आणि औषधाला गुण आला म्हणून यसूमायला नारळ आणि लुगडं मिळालं. अठराव्या वर्षी माझ्या डोहाळजेवणाला ती आपण होऊन खालापूरला आली. पहिल्याच पंगतीला बसली आणि चार पुरणपोळ्या खाल्ल्या. माझं बाळंतपण दुपारचं जेवण होऊन भांडी घासायच्या आत झालं.

त्या औषधाचा बोभाटा मात्र तिला भोवला. ज्यांच्या मुलींना खरंच न्हाण येत नव्हतं ते लांबलांबून येऊ लागले. त्यांना ती हात जोडून परत पाठवी, आणि ती शिष्ट झाली असं लोक म्हणत. काही आया मात्र तिच्याकडं बघत, मुलीकडं बघत आणि काहीच न सांगता नुसतं म्हणत, "हिलाबी चार दिस ठेवून घे माय." त्यांना ती ठेवून घेई.

ती गेली तेव्हा मी दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आले होते. कोंडाण्याहून निरोप आला. आत्या तेव्हा बरीच थकली होती. ती उठली, न्हाणीत गेली आणि सख्खं माणूस गेल्यावर घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं. मला नवल वाटलं. म्हटलं, "आत्या, तुझं तर तिच्याशी कधी पटलं नाही."

ती केस पिळत होती. "दर म्हयन्याला चार दिस," ती म्हणाली. "तीन वरसं. मला काय दिस मोजता येत नव्हतं?"

मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मलाच तुला सासरी धाडाया लागलं असतं," आत्या म्हणाली, आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसली.