आठवी पायरी की बारावी

झाशीतल्या मुलींच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. मोठ नावाच्या कसब्याच्या पुढे, हमरस्त्यापासून आत एका गावात दगडी बांधाचा जुना तलाव आहे. तिथलं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले जीव मोजायचे, हा माझा तीन वर्षांचा नाद होता. तलावात गावातले मासेमार शेवाळ बाजूला करून रोहू-कतला माशांची बोटुकली सोडत, कडेला शिंगाडा लावत, आणि बांधाच्या खाली मटाराची शेतं होती. हे सगळं मला दिसत होतं, पण बघत मी फक्त बाटलीत होते.

एक दिवस प्राचार्याबाईंनी माझ्या टेबलावर एक सरकारी पत्रक ठेवलं. लोकांना बरोबर घेऊन शेती आणि मत्स्यपालनावर संशोधन करायचं असेल, तर अनुदानासाठी अर्ज करा. "आपका तालाब है ना, भर दीजिए," त्या म्हणाल्या.

भरला. बडा बाजारात टायपिंगचं एक दुकान होतं. तिथला माणूस टाइपरायटर विकून नुकताच संगणकावर आला होता आणि बॅकस्पेसचं बटण दाबताना दर वेळी हसायचा. त्याच्या शेजारी स्टुलावर बसून मी चार संध्याकाळी अर्ज सांगितला. पाण्याचं तापमान, विरघळलेला प्राणवायू, शेवाळाच्या जाती, सगळं झकास. 'समुदाय की भागीदारी' या रकान्यात मी एक ओळ घातली: 'ग्रामवासी पूर्ण सहयोग देंगे.' ती ओळ सांगताना मला काहीही वाटलं नाही, हे आज लिहिताना जरा बोचतं.

पावसाळा सरता सरता अर्ज परत आला. नामंजूर नव्हता. समासात कुणीतरी निळ्या शाईनं एकच प्रश्न लिहिला होता: 'ग्रामवासियों से आपकी क्या बात हुई? विवरण दें.'

माझे यजमान रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि लग्न करून इथलेच झाले. संध्याकाळी त्यांना कागद दाखवला. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मग? काय बोलणं झालं?"

"कुणाशी?"

"गावकऱ्यांशी. तीन वर्षं जातेस ना?"

मी आठवून पाहिलं. "चहावाल्याशी बोलते. बस कधी येते ते विचारते."

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मी बाटल्या न घेता निघाले. मोठपर्यंत बस, तिथून टेंपो. तलावाच्या घाटावर एक वयस्क बाई शिंगाडे निवडत बसली होती. गावातल्या मासेमार घरांमध्ये तिचा शब्द चालतो, हे मला नंतर कळलं. मी काही बोलण्याआधीच तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय बिन्नू, आज बोतलें नइँ ल्याईं?"

बुंदेलीत 'काय' म्हणजे 'काय गं', आणि बिन्नू म्हणजे बहीण किंवा लेक. आमच्या घरात मराठी आणि बाहेर हिंदी-बुंदेली ऐकत मी वाढले, तरी ते 'काय' ऐकलं की घरातलंच कुणी हाक मारतंय असं वाटतं. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि खरं तेच सांगितलं. संशोधनासाठी सरकारकडे अर्ज केला होता, तो परत आला, कारण मी तुम्हाला कुणाला काही विचारलंच नव्हतं.

ती शिंगाडे निवडायची थांबली. "तीन साल सें पानी भर-भर कें लै जा रईं, हमसें तो एकऊ बेर कछू पूछी नइयाँ. हम तो समझे, काऊ की दवाई बनत हुइए."

मी पाणी नेते ते कुणाच्या तरी औषधासाठी, असा गावाचा समज होता! लाजेनं मला हसू आलं आणि तीही हसली. मग मी वहीच काढली. "आता विचारते. या तलावातलं तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

तिनं पाण्याकडे बोट केलं. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. "आठवीं सीढ़ी उघर गई, तो समझो मछरिया गई." हिवाळ्यात मटाराला पाणी द्यायला शेतकरी बांधाची मोरी उघडतात. वरून मोजत आठव्या पायरीपर्यंत पाणी उतरलं तर चालतं. त्याखाली गेलं की उन्हाळ्यात तलावाचं डबकं होतं आणि हातभर वाढायचा मासा वीतभर असतानाच काढावा लागतो.

एवढ्यात बांधावरून एक शेतकरी येत होता. बांधाखालची बरीच शेतं त्याच्या भावकीची. त्यानं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिथूनच ओरडला, "बारहवीं तक उतारने में कुछ नहीं बिगड़ता! मैडमजी, इनकी मत सुनिए. मटर की फली भरते समय दूसरा पानी न दें तो फली में दाना नहीं, हवा मिलेगी."

"और मछरिया हवा में तैरहै?" बाईनं विचारलं.

दोघांची जुंपली. भांडण जुनं होतं, दोघांना एकमेकांचं पुढचं वाक्य पाठ होतं. मी ऐकत राहिले आणि हळूहळू लक्षात आलं की तीन वर्षं मी ज्या प्रश्नाभोवती बाटल्या बुडवत होते, तो इथे पायऱ्यांवर उघडा पडलेला होता. पाणी कुठल्या पायरीवर थांबवलं तर मटारही पिकेल आणि मासाही वाढेल?

"आठवी की बारावी, हे कुणी मोजलंय का?" मी विचारलं.

दोघांनी एकदमच पायऱ्यांकडे पाहिलं.

"आपण मोजू. जे निघेल ते दोघांनी मानायचं."

शेतकऱ्यानं मान वाकडी केली. "और आपकी दसवीं निकली तो?"

"तर दहावी."

"हओ," बाई म्हणाली. तिचा होकार आधी आला म्हणून की काय, त्यालाही द्यावा लागला.

दुसरा अर्ज मी टायपिंगच्या दुकानात नाही, घाटावर लिहिला. सह-संशोधकांच्या रकान्यात दोघांची नावं घातली. पुढे 'शैक्षणिक योग्यता' असा चौकोन होता. बाईला विचारलं, काय लिहू? तिनं विचार करून सांगितलं, "लिख दो, तैरबो जानत." पोहता येतं. मी लिहिलं: या तलावात चाळीस वर्षांची मासेमारी, पाण्याची प्रत्येक जागा पोहून माहीत. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली तर तिनं ती बाजूला सारली आणि सही केली. एकेक अक्षर पूर्ण झाल्यावर ती वर बघायची आणि मग पुढचं काढायची. कॉलेजातल्या बाबूंनी अर्ज पुढे पाठवायला कुरकुर केली, असे सह-संशोधक त्यांनी पाहिले नव्हते. प्राचार्याबाईंनी वाचलं आणि शिक्का मारला.

महिन्याभरानं लखनौहून बोलावणं आलं. समितीसमोर येऊन सांगा. मी दोघांनाही घेऊन गेले. सकाळच्या गाडीत बाई खिडकीशी, शेतकरी दाराशी, आणि मध्ये मी. ओरई स्टेशन येईपर्यंत ती एकमेकांशी बोलली नाहीत. मग बाईनं फडक्यातून भाकरीसारख्या जाड पुऱ्या आणि मिरचीचं लोणचं काढलं, तीन वाटे केले आणि एक न बघताच त्याच्याकडे सरकवला. त्यानं तो घेतला. कानपूरपर्यंत त्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं होतं, पण आता ती शेजारी बसून भांडत होती.

समितीत पाच जण होते. मी बोलले, तक्ते दाखवले. मग मधोमध बसलेल्या वयस्क तज्ज्ञांनी मला सोडून शेतकऱ्याला विचारलं, "मान लीजिए नतीजा आपके ख़िलाफ़ गया. पानी ऊपर की सीढ़ी पर ही रोकना पड़ा. तब आप क्या करेंगे?"

हा प्रश्न मी त्याला कधी विचारलाच नव्हता.

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "साहब, तो नीचे के दो-चार खेतों में मटर नहीं, चना बो लेंगे. चना एक पानी में निकल आता है."

"ये बात आपके आवेदन में तो कहीं नहीं है," तज्ज्ञ माझ्याकडे वळले.

"जी," मी म्हणाले, "हमें भी अभी पता चली."

सगळे हसले. बाई मात्र हसली नाही. ती त्याच्याकडे वळून बघत होती. इतकी वर्षं हे पोटात ठेवून भांडत होतास होय, असा तिचा चेहरा.

चण्याचा भाग घालून अर्ज तिसऱ्यांदा लिहा, असं सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवलं. तिसरा अर्ज मंजूर झाला.

त्या हिवाळ्यात आम्ही पायऱ्यांवर रंगानं आकडे घातले आणि पहिल्या वर्षी पाणी दहावीवर थांबवायचं ठरवलं. दर रविवारी मी जायची, आणि मधल्या दिवसांची पायरी बाई सांगायची. संक्रांतीच्या सुमाराला गेले तर पाणी अकराव्या पायरीखाली! भावकीतल्या कुणीतरी मोरी उघडी टाकून ठेवली होती. आमचा शेतकरी थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उतरून पोत्यांनी ती बुजवत होता आणि चुलतभावांना नावं ठेवत होता. मी घाटावर बसले, वर्ष वाया गेलं म्हणून रडू यायला लागलं.

"नाप लो, बिन्नू," बाई म्हणाली. "जे भी तो नापनेई है."

ती म्हणत होती ते खरं होतं. पाणी खाली गेल्यावर काय होतं, तेही मोजायचंच होतं. मी मोजलं. त्या उन्हाळ्यात मासे वीतभरच निघाले. पुढच्या हिवाळ्यात खालच्या शेतांत चणा आला, मोरी नवव्या पायरीवर बंद झाली आणि वैशाखातही तलावात पोहण्याइतकं पाणी होतं. मटार नेहमीसारखाच भरला, आणि मासा जाळ्यात आला तेव्हा बाईनं तो कोपरापासून मनगटापर्यंत धरून दाखवला.

नववी पायरी. बाईचं अनुमान एकाच पायरीनं चुकलं, शेतकऱ्याचं तीन पायऱ्यांनी. तो म्हणाला, "चना अपना था, ये भी लिखिए." लिहिलं.

अहवाल पाठवण्याआधी मी तो घाटावर हिंदीत वाचून दाखवला. बरेच जण जमले होते. माशाच्या एका जातीचं गावातलं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, ते चौघांनी एकदम दुरुस्त केलं. खतांबद्दलचा एक परिच्छेद त्यांना पटला नाही, त्यावर तासभर वाद झाला आणि शेवटी मलाही तो पटेना. काढून टाकला. माझ्या कुठल्याही शोधनिबंधाची इतकी कसून तपासणी तोवर झाली नव्हती.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी आमच्या दारात बाई उभी. बरोबर शेजारच्या गावच्या तीन बायका होत्या. त्यांच्याही गावात तलाव, तिथेही तंटा, पण शिंगाड्याचा. बाईनं त्यांना ओळीनं पाटांवर बसवलं आणि मला सांगितलं, "इनखों भी फारम भरने." मी कागद घेऊन आले. यजमानांनी चहा टाकला. मी पहिल्या पानापासून सुरुवात करणार, तर बाईनं हात धरून थांबवलं. आधी यांचं ऐकून घे, म्हणाली. मी पेन खाली ठेवलं. तिघी एकदमच बोलायला लागल्या.