गोदामावशीच्या कपाळावरचं कुंकू

प्रिय अन्वी आणि ईशान,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्या निरोपसमारंभाचा फोटो पाहिलात आणि दोघांनी एकदमच विचारलंत की, आजीच्या शेजारी पलंगावर झोपलेली बाई कोण, आणि एवढी माणसं जमलेली असताना ती उठून का बसत नाही? मी सांगायला लागले तोच कॉल तुटला. नेमका याच आठवड्यात माझ्या जुन्या नर्सिंग कॉलेजातल्या नव्या ट्यूटर मॅडमचा फोन आला. त्याच बाईची निगा कशी राखायची, हे त्यांना विचारायचं होतं. त्यांना मी इंग्रजीत सूचना लिहून पाठवल्या. सूचनांत जे बसत नाही, ते तुम्हाला लिहिते आहे. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा.

ती बाई म्हणजे बाहुली आहे. माणसाएवढी. मुलींनी तिचं नाव गोदामावशी ठेवलं होतं.

मी सिस्टर ट्यूटर होते, म्हणजे नर्स होणाऱ्या मुलींना शिकवत होते. आधी आमच्याकडे सरावासाठी कडक प्लास्टिकचा पुतळा होता. त्याची कूस बदलायला गेलं की तो लाकडाच्या ओंडक्यासारखा सबंध उलटायचा. खरा पेशंट तसा उलटत नाही. त्याचा खांदा वळतो, कंबर मागे राहते आणि हात अंगाखाली अडकतो. ते शिकायचं तर मऊ आणि जड शरीरच हवं. म्हणून मी मॅनेजमेंटच्या मागे लागून टीपीईची बाहुली मागवली. टीपीई म्हणजे रबर आणि प्लास्टिक यांच्या मधला एक मऊ पदार्थ. आत धातूचा सांगाडा असतो, तो सांध्यांत वळतो. वजन एखाद्या बारीक बाईइतकं.

संस्थेच्या सेक्रेटरींना सगळे नाना म्हणत. माणूस सज्जन, आणि वस्तू जपणारा. त्यांच्या केबिनमधल्या सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक मी कधी निघालेलं पाहिलं नाही.

अशी बाहुली आमच्यापैकी कोणीच आधी सांभाळलेली नव्हती. सोबतचं माहितीपत्रक अगम्य इंग्रजीत होतं, म्हणून मी सप्लायरच्या माणसाला फोन करून एकेक गोष्ट विचारून घेतली. टीपीई तेल सोडतं, त्यामुळे अंग चिकट होतं. साध्या साबणाने आणि कोमट पाण्याने पुसायचं, मऊ कापडाने टिपायचं, चोळायचं नाही. मग पावडर लावायची. मनगट धरून उचलायचं नाही, कारण सांधा सैल होतो. गुडघे फार वेळ दुमडून ठेवायचे नाहीत. गडद रंगाचे कपडे नकोत, कारण त्वचा रंग पिते. मी फोन ठेवला आणि हसले. रंगाचं सोडलं तर हे सगळं मी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटबद्दल आयुष्यभर शिकवत आले होते.

गोदामावशीची सगळ्यांत जास्त गरज मनीषाला होती. ही मुलगी पेठ तालुक्यातली. अंगाने दणकट, स्वभावाने भित्री. पहिल्याच वॉर्ड पोस्टिंगला तिने एका म्हातारीला कुशीवर वळवलं तेव्हा म्हातारीचा हात अंगाखाली मुरगळला. ती ओरडली. सुनेने सगळ्या वॉर्डासमोर सांगितलं, की या पोरीला परत हात लावू देऊ नका. त्यानंतर मनीषा पेशंटच्या पायथ्याशी उभी राही आणि हात पाठीमागे बांधून घेई. दिवाळीनंतर प्रॅक्टिकल परीक्षा होती. तीत खऱ्या पेशंटला पलंगावर आंघोळ घालून कूस बदलून दाखवायची असते.

"मॅडम, मी घरी जाते," ती एकदा म्हणाली. "भात कापायला माणसं लागतातच."

मी म्हटलं, भात तुझ्यावाचून कापला जाईल. आधी गोदामावशीला वळव.

त्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये जायला लागली. मी दारातून ऐकत असे. "मावशी, तुमचा हात इकडे घेते हं. आता खांदा वळवते. घाबरू नका." हात लावण्याआधी पेशंटला सांगायचं, हा आमचा पहिला धडा. बाहुलीशी बोलायला बाकीच्या मुली लाजत. मनीषा लाजत नव्हती.

मग खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. आमच्या लॅबमध्येही व्हायची. त्या दिवशी मी कामासाठी सिन्नरला गेले होते. दसरा झाल्यावर लॅब उघडली तर झेंडूचा वास भरलेला, ब्लडप्रेशरच्या यंत्रापासून स्टरलायझरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं, आणि पलंगावर गळ्यात हार घातलेली गोदामावशी. पावलांवर हळद. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि त्याभोवती भाजल्यासारखा पसरलेला लाल डाग.

मनीषा म्हणाली, "सगळ्या यंत्रांना लावलं, मॅडम. मावशी एकट्याच राहिल्या असत्या. बरं नाय दिसत ते."

"आणि हे पसरलं कशाने?"

"पुसून निघेना, म्हणून मी स्पिरिट लावलं."

नर्सिंगच्या मुलीला काही पुसायचं म्हटलं की हात आपोआप स्पिरिटकडेच जातो. स्पिरिटने कुंकवाचा रंग आणखी आत उतरला होता.

त्याच दिवशी नाना पाहुण्यांना घेऊन लॅब दाखवायला आले. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, ही वस्तू आता काचेच्या कपाटात. किल्ली माझ्याकडे."

"नाना, मुलींची परीक्षा आहे."

"परीक्षेच्या दिवशी काढू. तोवर पोरी तिचं अजून काय करतील, सांगता येतं का?"

मी वाद घातला, पण उपयोग झाला नाही. कपाट प्रवेशद्वाराजवळ होतं, आतल्या फळ्या काढून घेतल्या. आडवी ठेवायला जागा नव्हती, म्हणून गोदामावशीला खुर्चीवर बसवलं. मी गुडघ्यांचं सांगितलं. नाना म्हणाले, बसली तर काय बिघडतं, आम्हीही दिवसभर बसतोच. मनीषा जेवणाच्या सुट्टीत लॅबऐवजी पायऱ्यांवर बसायला लागली. एक दिवस तिने बसचं वेळापत्रक विचारलं.

मी सप्लायरला फोन लावला. तो म्हणाला, मुरुमांवरचं अमुक क्रीम लावा, ते रंग खातं. नंतर त्वचा कोरडी पडते, म्हणून बेबी ऑइल आणि पावडर. मी इंदिरानगरच्या आपल्या नेहमीच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार तुमच्या बाबाचा वर्गमित्र.

"काकू, या वयात पिंपल्स?"

"मला नाही. पेशंटला."

"पेशंटचं वय काय?"

"ते तिलाही माहीत नाही," मी म्हटलं आणि ट्यूब पर्समध्ये टाकली.

दिवाळीची सुट्टी संपताच मी नानांकडे गेले. डाग काढून बघू द्या, एवढंच मागितलं. तेवढ्याला ते तयार झाले आणि किल्ली घेऊन स्वतः आले. वजन उचलायला दुसरे हात हवेत म्हणून मी मनीषाला बोलावलं. नानांना बघून ती मागे सरकली.

कपाट उघडलं. काचेतून दुपारचं ऊन येई, त्यामुळे पावलांवरची हळद उडाली होती. हळदीचे कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. कुंकू होतं तिथेच होतं. आम्ही दोघींनी तिला काढून पलंगावर ठेवलं. मनीषाने आधी सांगितलं, मग हात छातीवर घेतला, मग खांदा आणि कंबर एकदम वळवली. गोदामावशी कुशीवर अलगद आली. तेव्हा मागची बाजू दिसली. बैठकीचा भाग चपटा पडला होता. दोन्ही गुडघ्यांमागे खोल वळ्या, आणि उजवीकडची वळी चिरली होती.

"नाना, इकडे बघा," मी म्हटलं. "कपाटात हिला कुणी काही लावलं नाही. कुणी हातही लावला नाही. एका जागी ठेवली, म्हणून हे झालं. माणसात यालाच आम्ही बेड सोअर म्हणतो."

नानांनी वाकून पाहिलं.

"आईला झाले होते," ते म्हणाले. "आम्हीच सगळ्यांना सांगत होतो, म्हातारीला हलवू नका, दुखेल तिला."

मी चादर नीट केली.

मग ते मनीषाकडे वळले. "डाग तू पाडलास ना?"

"कुंकू सगळ्यांनी लावलं, नाना. स्पिरिट मी."

"मग तूच काढ. आणि रोज फिरवत जा हिला." किल्ली त्यांनी कपाटालाच ठेवली आणि गेले.

क्रीम लावून ठेवायचं, धुवायचं, टिपायचं, तेल, पावडर. चीर सप्लायरने पाठवलेल्या खास गमने जोडली. कुंकू लालचं गुलाबी झालं आणि तिथेच थांबलं. चपटेपणा महिनाभर कुशी बदलल्यावर बराचसा गेला.

परीक्षेला मनीषाच्या वाट्याला एक खरी आजी आली, तीही कुरकुरणारी. मनीषा या वेळी पायथ्याशी थांबली नाही, पलंगाच्या कडेला गेली. ती म्हणाली, "आजी, तुमचा हात इकडे घेते हं." हात छातीवर, खांदा आणि कंबर एकदम. आजी कुशीवर आली आणि म्हणाली, "झालं पण?" परीक्षक बाईंनी फक्त मान हलवली. आमच्याकडे एवढंच कौतुक होतं.

पुढच्या खंडेनवमीला मुलींनी हळदकुंकू पलंगाच्या लोखंडी दांड्याला लावलं. गोदामावशीला कोमट पाण्याने आंघोळ घातली, टिपलं, पावडर लावली आणि उशाशी एक झेंडू ठेवला. तीच तिची पूजा, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं.

यातून घ्यायचं ते एवढंच, की जपणं म्हणजे बंद करून ठेवणं नव्हे. नानांना हे बाहुलीपुरतं पटलं. सोफ्यापुरतं अजून पटलेलं नाही.

मनीषा आता सुरगाण्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात आहे. काचेच्या कपाटात ढाली आणि चषक आहेत. गोदामावशी अजून लॅबमध्ये पलंगावर आहे. उजव्या गुडघ्यामागे जोड आहे आणि कपाळावर फिकट गुलाबी ठिपका आहे. मुली अजूनही हात लावण्याआधी तिला सांगतात.