नऊ नंबरचं टेबल

पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवणाऱ्या आमच्या बाईंना सगळं कॉलेज थेंबबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायची अर्थात कुणाची टाप नव्हती. अंगाने काडी, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या कोटाची इस्त्री कधी मोडलेली नाही, आणि चपला अशा की पाठीशी येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. आपण ब्युरेटच्या आकडे कोरलेल्या काचनळीकडे डोळे लावून बसलेलो असायचो आणि मागून हळूच आवाज यायचा, "एक थेंब जास्त झाला." त्या आवाजाने माझ्या हातून दोन फ्लास्क फुटले आहेत.

पहिल्या दिवशी वर्गात आम्ही ऐंशी जण होतो. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि सांगितलं, की वर्षाच्या शेवटी यातले चाळीस उरतील. यात धमकी नव्हती. दर वर्षीचा अनुभव होता, तो त्यांनी हवामान सांगावं तसा सांगितला. आम्ही हसलो. त्या वर्षी सदतीस उरले आणि त्या सदतीसांत मी नव्हते.

त्यांचे नियम मोजके होते आणि त्यांना अपवाद नव्हता. ब्युरेटमधून अल्कली थेंब थेंब सोडायची, खाली फ्लास्कमधल्या अ‍ॅसिडला फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. फिकट म्हणजे फिकट. लालभडक झालं की ते रीडिंग गेलं. असं तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. आकडा थेट जर्नलमध्ये, शाईने. चुकला तर त्यावर एकच रेघ, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी बाईंची सही. सही नसलेली दुरुस्ती त्या दुरुस्ती मानतच नसत. "चूक दिसायला हवी. झाकलेली चूक पुन्हा होते," म्हणायच्या. आम्हाला तेव्हा हे सगळं माणसाला छळायला शोधून काढलेलं वाटायचं.

मी एकदा नापास झाले होते आणि दुसऱ्यांदा झाले असते तर कॉलेजातून नाव कमी झालं असतं. माझं मला काहीतरी वाटलं असतं, पण खरी पंचाईत बाबांची होती. बाबांचं केस कापायचं दुकान. मुलगी केमिस्ट होणार हे त्यांनी कात्रीखाली आलेल्या प्रत्येक डोक्याला सांगून ठेवलं होतं, आणि ज्याच्या मानेवर वस्तरा आहे तो कशाला नाही म्हणेल. मी नापास झाल्यावर बाबा गिऱ्हाइकांना सांगायला लागले की निकाल लांबलाय. वर्षभर लांबलेला निकाल. गिऱ्हाइकं मान हलवायची, म्हणजे बाबा हलवू देतील तेवढी. घरी ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं.

प्रयोगशाळेत शेवटच्या खिडकीखाली नऊ नंबरचं टेबल होतं. तिथे कुणालाच बसू देत नसत. तरी रोज सकाळी बाई स्वतः त्या टेबलावरची ब्युरेट धुवायच्या, तिथेच ठेवलेल्या अल्कलीच्या बाटलीतून भरायच्या, स्टँडला लावायच्या आणि संध्याकाळी पुन्हा रिकामी करायच्या. कुणासाठी, ते कुणी विचारायचं नाही. मुलांनी आपापल्या परीने उत्तरं शोधली होती. कुणी म्हणे तिथे एका मुलाने अ‍ॅसिड प्यायलं, कुणी म्हणे प्यायलं नाही, अंगावर सांडलं. माझ्या मैत्रिणीने तर त्या ब्युरेटची पातळी आपोआप खाली उतरताना पाहिली होती. मी म्हटलं, अगं, तोटी गळत असेल. पण बेसिनकडे जाताना मीसुद्धा त्या टेबलाला वळसा घालून जायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

शेवटच्या प्रॅक्टिकल परीक्षेला माझ्या ब्युरेटची तोटी खरोखरच गळायला लागली. काचसामान सांभाळणाऱ्या काकांकडे गेले तर शिल्लक एकही नव्हती. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी नऊ नंबरच्या टेबलाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग एवढंच म्हणाल्या, "जा."

मी गेले. खिडकीतून ऊन येत होतं, टेबल लखलखीत पुसलेलं होतं, आणि तरी मी तिथलं स्टूल बाजूला सारून उभीच राहिले. सगळा वर्ग कामं सोडून माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं. पहिल्याच वेळी तोटी जरा जास्त फिरली आणि फ्लास्क लालभडक झाला. २१.३. म्हटलं असू दे, हा अंदाज धरू, पुढची दोन नीट करू. दुसऱ्या वेळी थेंब थेंब सोडत गेले. वीस झाले, एकवीस झाले, बावीस झाले, रंग काही येईना. पंचवीसला माझ्या लक्षात आलं की फ्लास्कमध्ये इंडिकेटर घालायलाच मी विसरले होते. तो नसेल तर रंग येणार कुठून? आता घालून उपयोग नव्हता, थांबायची जागा मागेच राहिली होती. घाईघाईने तिसरा फ्लास्क भरायला माझी अ‍ॅसिडची बाटली उचलली, ती ओल्या बोटांतून सटकली आणि उरलेलं सगळं अ‍ॅसिड टेबलावर सांडलं. दहा मिनिटं उरली होती. नवी बाटली परीक्षेत मिळत नसे.

मी टेबल पुसलं. जर्नल उघडलं. शाईने लिहिलं: २१.३, २१.३, २१.४. शेवटचा आकडा जरासा वेगळा लिहिला, खरा वाटावा म्हणून. इतकी अक्कल मला कुठून सुचली देव जाणे. अभ्यासात कधी सुचली नव्हती.

बाई आल्या. त्यांच्या हातात वही होती, तिच्यात प्रत्येकाच्या बाटलीचं खरं उत्तर असायचं. त्यांनी माझे आकडे पाहिले, वहीत पाहिलं.

"तुझं उत्तर वीस पॉइंट पाच यायला हवं," त्या म्हणाल्या.

मला बाबांचं दुकान दिसलं. आरशासमोर उभे राहून ते कुणाला तरी सांगताहेत, यंदा पुन्हा निकाल लांबलाय. मी मान वर केली.

"बाई, तिन्ही रीडिंगं माझीच आहेत. मी तीनदा केलंय."

बाईंचा चेहरा असा उतरला की मी घाबरले. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या मागे कुणीतरी उभं असावं तसं तिकडे बघत होत्या. मी वळूनही पाहिलं. मागे खिडकी होती.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

त्यांनी पेन काढलं. वहीतल्या स्वतःच्या आकड्यावर एक रेघ मारली, शेजारी २१.३ लिहिलं, सही केली. माझ्या जर्नलवर 'मान्य' लिहून खाली सही केली. मग नऊ नंबरवरची अल्कलीची बाटली उचलली आणि न तपासता बेसिनमध्ये ओतून टाकली. जी बाई डिस्टिल्ड वॉटरवरसुद्धा विश्वास ठेवायची नाही, तिने ती अल्कली तपासली नाही.

मी काचसामान परत करायला गेले तेव्हा काकांचे डोळे ओले होते. त्यांनीच मला सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्याच टेबलावर एक मुलगा परीक्षेला बसला होता. अबोल, नीटनेटका मुलगा. त्याची तिन्ही रीडिंगं तंतोतंत जुळली, पण वहीतल्या उत्तराशी जुळेनात. तो म्हणाला, बाई, तिन्ही माझीच आहेत. बाईंनी विश्वास ठेवला नाही, आकडे बनवलेस म्हणून भर वर्गात सुनावलं आणि नापास केलं. त्याची ती दुसरी वेळ होती, नाव कमी झालं. आठवड्याने कपाट आवरताना बाईंना कळलं की त्या दिवशी ताजी अल्कली कमी पडली म्हणून नऊ नंबरवर सुट्टीआधीची उरलेली बाटली त्यांनीच ठेवली होती. हवा लागून ती अशक्त झालेली, म्हणून त्याला जास्त लागली. बाटलीवर जुनी तारीख होती, बाईंच्याच अक्षरात. मुलगा खरा होता. बाईंनी त्याच्या घरी पत्रं लिहिली, ती परत आली. स्वतः जाऊन आल्या, तर घरच बदललेलं. तो कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं.

"तेव्हापासून टेबल मांडून ठेवतात," काका म्हणाले. "आज तू त्यांना सोडवलंस बघ, पोरी."

मी पास झाले. बाबांनी दुकानात त्या दिवशी सगळ्यांच्या दाढ्या फुकट केल्या. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागले आणि तिथेच आजही आहे. तिथे मी प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंगं घेते, दोन पुरत असली तरी. हाताखालची पोरं पाठीमागे मला काहीतरी म्हणतात, ते काय ते मला माहीत आहे. ऊन पडलेल्या खिडकीपाशी ब्युरेट लावायला मात्र मला अजून जमत नाही. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. मी कधी पाहिलेलं नाही असं कुणीतरी, ज्याचा खरेपणा मी वापरला.

अकरा वर्षं मी बाईंकडे गेले नाही. मग कळलं की त्या आजारी आहेत, आणि मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. बसमध्ये मी वाक्य घोकत होते. बाई, एकच केलं होतं, तेही चुकलं होतं.

त्या बहिणीकडे राहत होत्या. खुर्चीत बसलेल्या, आणखी बारीक झालेल्या, पण मला पाहून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलायला लागल्या. त्या मुलानंतर नऊ वर्षं त्यांना धड झोप नव्हती, सकाळी उठलं की आधी त्याचा चेहरा. परीक्षेच्या त्या दिवशी माझ्या तोंडून त्याचंच वाक्य ऐकलं आणि वाटलं, देवाने तोच प्रश्न पुन्हा घातलाय. "या वेळी मी चुकले नाही," त्या म्हणाल्या. "त्या रात्री मी झोपले गं." दुसऱ्या दिवसापासून नऊ नंबर त्यांनी मुलांना बसायला मोकळा केला होता.

मग त्यांनी माझा हात धरला. "तिन्ही तुझीच होती ना?"

प्रश्न त्यांनी विचारला होता. वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो बाई."

निघताना त्यांनी बहिणीला कपाटातून एक जर्नल काढायला सांगितलं आणि माझ्या हातात ठेवलं. त्या मुलाचं. "मला आता याची गरज नाही. तू ठेव," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात त्या गेल्या.

ते जर्नल माझ्या घरी फळीवर आहे. शेवटच्या पानावर मुलाचं अक्षर: १८.४, १८.४, १८.४. खाली लाल शाईत 'अमान्य', त्यावर एक रेघ, शेजारी 'बरोबर होतं', तारीख आणि बाईंची सही. शेजारी माझं जर्नल आहे. बाईंच्या तेराव्याच्या दिवशी मी ते उघडलं, माझ्या तिन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि समासात खरं काय झालं ते लिहिलं. मग सवयीने सहीसाठी जागा सोडली.

ती जागा अजून कोरी आहे.