डाव्या पायाखालची पाचर

"मिस्त्री, लेव्हल लावा अन् खरं सांगा," प्रफुल्ल म्हणाला. "बाक पुन्हा खचला असंन, तर मी आईले आजच नागपूरले नेतो. घराले कुलूप!"

मी स्पिरिट लेव्हल, म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, बाकावर ठेवली. बुडबुडा उजवीकडे पळाला. डावी बाजू चार सूत, म्हणजे अर्धा इंच खाली. तिसऱ्यांदा!

केनवडच्या या घराच्या परसात बाक मीच ठेवला होता. प्रफुल्लचे वडील शाळेत गुरुजी होते. एकटेच माझ्या वाशिमच्या वर्कशॉपमध्ये आले आणि बसून-उठून पारखू लागले. लोखंडाचा दाखवला, तर "गंजते." सिमेंटचा दाखवला, तर "उन्हाळ्यात भाजते, थंडीत चावते. मी त्याच्यावर टेकणार नाही." शेवटी सागवान पसंत पडलं. सागवानाला वर्षातून एकदा घासून जवसाचं तेल पाजलं, की ऊनपाऊस सोसतं. गुरुजी डाव्या टोकाला बसायचे, काकू, म्हणजे प्रफुल्लची आई, उजव्या. दोन महिन्यांत गुरुजी गेले.

तेव्हापासून बाक डावीकडे खचू लागला. काकू शेजारणींना सांगायच्या, "हे येऊन बसतात." झालं! गावभर बोभाटा. आईचं डोकं फिरलं, असं प्रफुल्लनं ठरवून टाकलं.

"अरे बाबा, काळी माती आहे," मी त्याला म्हणालो. "पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते. वरची वस्तू हलणारच. त्यात आईले काहून दोष देऊन राह्यला?" शेवटी त्यानं मला महिन्याभराची मुदत दिली.

भर दुपारी बाक बाजूला करून खणलं, तर भलतंच. उजवीकडे काकू रोज बसतात, तिथली माती भुसभुशीत. डावीकडे कोणीच बसत नाही, तिथली जमीन चोपायच्या धुमसानं ठोकल्यासारखी टणक. ओल नाही, घुशीचं बीळ नाही. प्रफुल्लला मात्र यातलं काही बोललो नाही. दोन्हीकडे मुरूम भरला, वर काँक्रीटचे ठोकळे ओतले.

महिन्याभरानं पाहायला गेलो. बुडबुडा अगदी मधोमध. प्रफुल्लला फोन लावला.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "राहू द्या तिले तिथंच."

चला, घर वाचलं! पण काकू बाकावर नव्हत्या. उंबऱ्यात बसल्या होत्या, चेहरा उतरलेला.

"काकू, बाकावर काहून नाही बसल्या?"

"येत नाहीत ना आता ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले सांगतलं होतं त्यायनं. सिमेंटवर टेकणार नाही म्हणून."

ते बोलणं वर्कशॉपमधलं होतं. काकू तेव्हा केनवडला होत्या. घरी येऊन गुरुजी बोलले असतील, असं मी मनाला समजावलं. पण काकूंकडे बघवेना.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं चांगलं काम मी पहारीनं फोडलं. डावीकडचा ठोकळा काढला, मुरूम उपसला, जुनी माती परत भरली.

आठवड्यात बाक दोन सूत खाली. काकू आपल्या जागेवर, डोक्यावरचा पदर सावरत, डावीकडे बघून निवांत बोलत होत्या.

आता प्रफुल्ल यायचा असला, की आदल्या दिवशी काकूंचा फोन येतो. मी जाऊन डाव्या पायाखाली सागवानाची पाचर सारतो. तो मोबाइलवर लेव्हल बघतो आणि समाधानानं नागपूरला परततो. मग मी पाचर काढतो. फसवणूक आहे, कबूल. पण काकू घरात आहेत.

बाक घ्यायचा तर लाकूड बघा, खालची जमीन बघा, वर्षाला तेल द्या. बाकी कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

केनवडचा बाक मात्र मी उजवीकडून तेल लावायला घेतो. डाव्या टोकाशी आलो, की ब्रश थांबवतो.

"गुरुजी, जरा उठता काय?"

लाकूड बारीकसं कुरकुरतं. मग तेल लावतो.