डाव्या हाताचा पीळ

आमच्या घरच्या मेंढ्यांची लोकर घरातल्या बायका हातानं काततात आणि त्या सुताची घोंगडी सासरे विणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला कसली भीती नव्हती. कातणं मला माहेरापासून येत होतं.

पहिल्या कातरणीनंतर मी आणि सासू पिंजलेली लोकर घेऊन बसलो. मी डावखुरी, त्यामुळे टकळी डाव्या मांडीवर डाव्या हातानं फिरवते. सूत बारीक, सारखं निघत होतं. पण माझा धागा सासूच्या धाग्याला जोडला की जोडापाशी पीळ उलगडायचा आणि मागावर धागा तुटायचा. सासऱ्यांनी दोन्ही धागे डोळ्यांजवळ धरले. माझा पीळ उलटा होता. ते सासूला म्हणाले, "हिचं सूत घोंगडीले नोको. दोऱ्या वळा त्याच्या."

मी उजव्या हातानं कातून पाहिलं. सगळं जाडंभरडं झालं. शेवटी डाव्या हातानंच कातत राहिले. एवढं चांगलं सूत मेंढ्यांच्या गळ्यात बांधताना मन खट्टू व्हायचं. त्या सुताचे काही गुंडे मी खुंटीला अडकवून ठेवले होते, उगीच.

गेल्या हिवाळ्यात केनवडच्या एका शेतकऱ्याची काळी घोंगडी मागावर लावताना सूत कमी पडलं. सासऱ्यांनी खुंटीवरचे गुंडे काढले आणि दोन्ही काठांना नुसतं माझंच सूत लावलं, म्हणजे जोड द्यायला नको. मी चुलीपाशी बसून मागाचा आवाज ऐकत होते. धागा तुटला म्हणून तो एकदाही थांबला नाही.

शेतकरी सकाळी आला. त्यानं घोंगडी उन्हात तिरपी धरली, काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बुवा, हा पट्टा कोन्त्या रंगाचा हाय?"

लोकर सगळी एकच काळी, पण काठ वेगळा चमकत होता. सासऱ्यांनी काठ डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "रंग नाही लावला. आमच्या सूनबाईच्या डाव्या हाताचा पीळ हाय थो."

मी दाराआड होते. पुढे आले नाही, पण आतही गेले नाही.

आता रिसोडच्या बाजारात लोक आमची घोंगडी उन्हाकडे धरून आधी काठ पाहतात. माझ्या सुताच्या दोऱ्या कोणी वळत नाही.

परवा पाण्याला निघाले तर मेंढवाड्यामागे सासू एकटीच बसलेली दिसली. टकळी डाव्या हातात होती. धागा तुटायचा, ती परत जोडायची. तिला दिसण्याआधी मी वळले आणि घागर घेऊन लांबच्या वाटेनं गेले.